आक्कापाशी अडलेलं लग्न

तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. कारण हा जो गाढवपणा मी सांगणार आहे तो साधासुधा नाही. पस्तीस वर्षं शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाने, पूर्ण शुद्धीत, वहीत नोंदी ठेवून, पायरीपायरीने केलेला गाढवपणा आहे तो. आणि साक्षीदार कोण? अख्खं गाव! वर जावई!

आमचं गाव वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला लागून. निवृत्त झाल्यावर गावच्या घरी जाऊन राहायचं, असा आमच्या दोघांचा बेत होता. पण बेत करणाऱ्यांपैकी एक मधूनच उठून गेली. आमची ही गेली तेव्हा सुजू, आमची एकुलती एक मुलगी, कॉलेजात होती. मी निवृत्त होऊन तिला घेऊन गावी आलो आणि पुढे तीन-चार वर्षांनी तिचंही लग्न झालं. ती नाशिकला गेली आणि चार खोल्यांच्या घरात मी एकटा उरलो.

लग्न आमच्या अंगणातच झालं. चार दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कोण कुठे झोपलंय, कोण कुणाचा टॉवेल वापरतंय, कशाचा पत्ता नाही. मी सारखा ओरडत होतो, "अरे, जरा शांतता ठेवा!"

पाचव्या दिवशी ठेवली त्यांनी शांतता. मांडववाले बांबू घेऊन गेले, आचारी पातेली घेऊन गेले, पाहुणे लाडवांचे पुडे घेऊन गेले. संध्याकाळी ओटीवर बसलो आणि खोकलो, तर आपल्याच खोकल्याला दचकलो. तुम्हाला गंमत वाटते आहे. मला त्या संध्याकाळी रडू आलं होतं.

आता या लग्नाचं शूटिंग कुणी केलं होतं? मी! नवऱ्या मुलीचा बाप हॅंडीकॅम घेऊन मांडवभर फिरतोय, असं दृश्य आमच्या पंचक्रोशीने तोवर पाहिलं नव्हतं. कन्यादानाला बसलो तेवढा वेळ कॅमेरा शेजारच्या बाळारामच्या हातात दिला. बाळाराम माझा लहानपणापासूनचा मित्र. भातशेती करतो, माणूस सोन्यासारखा, पण त्याने मन लावून पंधरा मिनिटं फक्त माझ्या पायांचं शूटिंग केलं.

अशा तीन कॅसेटी भरल्या होत्या. म्हटलं, आपण याचा एक छान सिनेमा करू. पुढे दिवाळसण होता. लग्नानंतरची पहिली दिवाळी, मुलगी-जावई घरी येणार. त्या दिवशी सगळ्या गावाला बोलवायचं, ओटीवर सिनेमा लावायचा आणि एका संध्याकाळपुरतं का होईना, घर पुन्हा भरायचं. खरं सांगू? सिनेमा हे निमित्त होतं. मला माणसं हवी होती.

म्हणून कल्याणहून कॉम्प्युटर आणला. मुरबाडपर्यंत एसटीने आणि पुढे जीपमध्ये. चादरीत गुंडाळलेला मॉनिटर सबंध वाटेत मांडीवर होता. गर्दीत एका बाईने विचारलं, "आजारी हाय का कोन?"

त्या कॉम्प्युटरची मला सोबत वाटायला लागली, हे कबूल करतो. काहीही पुसायला गेलं की तो विचारायचा, 'तुम्हाला खात्री आहे का?' घरात मला असं विचारणारा तो एकटाच. मी प्रत्येक वेळी थोडा विचार करून उत्तर द्यायचो.

महिनाभर बसून मी तिन्ही कॅसेटी आत उतरवल्या, जोडल्या, नावं टाकली. सव्वादोन तासांचा सिनेमा तयार झाला. आता राहिलं होतं एकच काम, तो एका फाइलमध्ये सेव्ह करायचं. म्हटलं, बटण दाबायचं आणि चहा प्यायचा.

बटण दाबलं आणि चहा प्यायलो. मग दुसरा प्यायलो. जेवलो. पाचेक तास यंत्र घरघरत होतं. ज्या प्रसंगाचं काम चालू असेल तो एका छोट्या चौकटीत दिसायचा. मांडव दिसला, जात्यावर हळद दळणाऱ्या बायका दिसल्या, आणि एक तास नऊ मिनिटांच्या प्रसंगावर सगळं थांबलं. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. तिचा अर्थ असा की, अज्ञात चुकीमुळे काम पूर्ण होऊ शकलं नाही.

अज्ञात चूक! अरे, चूक झाली हे कळतं, मग कुठली झाली हे कळत नाही? पेपर तपासताना मी असा शेरा मारला असता तर पालकांनी शाळेत येऊन माझीच तपासणी केली असती.

पुन्हा बटण दाबलं. पुन्हा पाच तास. पुन्हा एक तास नऊ मिनिटं आणि तीच पाटी.

मग मी पेटलो. कॉम्प्युटरमधले पत्त्यांचे खेळ काढून टाकले. व्हायरस शोधणारा प्रोग्राम बंद केला. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडून समोर टेबल फॅन लावला, आणि मी स्वतः घाम पुसत बसलो. डिस्कवर जागा बघितली, तर तीस जीबी रिकामी! मग डिस्क आवरून ठेवण्याची एक सोय असते ती चालवली. त्यात रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकतात. ते बघत बसणं ही माझी त्या पावसाळ्यातली करमणूक होती. अखेर एक वही केली आणि तिच्यात साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशा शाळेतल्यासारख्या नोंदी सुरू केल्या.

सहाव्या प्रयोगाला निरीक्षण लिहिताना माझा पेन थांबला. दर वेळी जो प्रसंग चौकटीत अडकत होता, त्यात होती आक्का. गंगूआक्का, माझी सख्खी थोरली बहीण.

आता इथे जरा मागे जायला हवं. आक्का विधवा. आमच्याच गावात, चार घरं सोडून राहते. सुजूची आई गेल्यावर त्या पोरीचं सगळं आक्कानेच केलं. तर हळदीच्या दिवशी मी भर मांडवात जाहीर केलं की सुजूला पहिली हळद आक्का लावणार. बायका आपसात कुजबुजायला लागल्या. पहिली हळद सवाष्णीने लावायची, विधवेने लांबून बघायचं, अशी रीत. आक्काच म्हणाली, "नको रे बाबा, उगाच कोनी बोलेल." मी एका हातात कॅमेरा तसाच चालू ठेवला, दुसऱ्याने तिचा हात धरून तिला पाटाजवळ आणलं आणि वर छोटंसं भाषणही ठोकलं. मला माझा फार अभिमान वाटला होता. कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. आक्काची हळदीची बोटं सुजूच्या गालावर टेकतात आणि दोघी रडतात.

आणि नेमकं तिथेच अडत होतं. बोटं गालावर टेकली की थांबलं!

मी ही गोष्ट बाळारामला सांगितली. सांगायला नको होती. तो ओटीवर बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "मास्तर, राग मानू नको. पन बायका तवाच बोलत होत्या."

"काय बोलत होत्या?"

"हेच. शुभकार्यात तो हात नको होता."

"बाळाराम! आपल्या आक्काबद्दल बोलतोयस तू!"

"मी काय बोलत नाय. तुझा मशीन बोलतोय. एकदा नाय, सहा टायमाला बोलला."

मी त्याला हाकलूनच दिलं. अंधश्रद्धेवर मुलांना दर वर्षी निबंध लिहायला लावणारा माणूस मी! मांजर आडवी गेली तर तिला रस्ता ओलांडायचा असतो, बाकी काही नाही, हे वाक्य मी वर्गात पस्तीस वर्षं म्हटलं आहे.

मग मी काय केलं असेल? दोन दिवस वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दार लावून घेतलं आणि म्हटलं, आपण विज्ञानवादी आहोत, तर करून बघायला काय हरकत आहे? शंका खोटी ठरली की विषय संपला. हळदीचा तो चार मिनिटांचा प्रसंग कापला आणि बटण दाबलं.

पाच तासांनी काय झालं सांगू? गाडी पुढे गेली! जिथे सहा वेळा अडली होती ते ठिकाण ओलांडून चांगली चार मिनिटं पुढे गेली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग चार मिनिटांनी थांबली आणि तीच पाटी आली. पण आता चौकटीत कोण होतं? कोंडूमामा!

कोंडूमामा म्हणजे आमच्या हिचे मामा. त्यांच्या नजरेबद्दल गावात आधीपासूनच बोलवा होता. त्यांनी ज्या म्हशीला चांगली म्हटलं ती आटली, असं लोक सांगत. मी त्याला कधी भीक घातली नव्हती. पण आता पुरावा समोर होता! विचार केला, नुसता तेवढाच प्रसंग कापून उपयोग नाही, माणूसच मुळापासून काढला पाहिजे. कोंडूमामांना सगळ्या सिनेमातून काढलं. मग म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा, आणि आक्कालाही जिथे जिथे होती तिथून काढलं. अडायच्या आधीच्या तासाभरात आक्का अकरा वेळा येऊन गेली होती आणि तेव्हा काहीच अडलं नव्हतं, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. यायची नसली की येत नाही.

पुढच्या दिवशी कोण अडकलं? बाळाराम! मांडवात कुणाला तरी हाका मारत होता. मला आठवलं, मुहूर्ताला शिंकला होता तो. काढला.

मग भटजी अडकले. काढले. आता मंगलाष्टकं ऐकू येत होती, पण म्हणतंय कोण ते दिसत नव्हतं. मग पोलीसपाटील, मग भात वाढणारे चौघे, मग सुजूच्या मैत्रिणी. आणि एक दिवस चौकटीत येऊन उभ्या राहिल्या साक्षात विहीणबाई!

मुलीच्या सासूला कापायचं? तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी हात जोडले, "क्षमा करा" म्हणालो आणि कापल्या.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. आक्का रोज संध्याकाळी माझ्यासाठी भाजी आणि दोन भाकऱ्या घेऊन यायची. घटकाभर बसायची, गावातल्या चार गोष्टी सांगायची. दिवसभरात माझ्याशी बोलणारी तीच एक. तर एका संध्याकाळी यंत्र चालू होतं आणि ती दारात आली. आणि मी, हाच मी, तिला म्हणालो, "आक्का, आत येऊ नको. नाजूक काम चालू आहे."

"मग कधी येऊ?"

"आता दिवाळीलाच ये."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाळारामच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे तिला कळलं असावंच.  दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर ताट झाकून ठेवायची आणि कडी वाजवून निघून जायची. मी दार उघडेपर्यंत ती वळणावर गेलेली असायची. मी ताट आत घ्यायचो, एकटाच जेवायचो आणि वहीत लिहायचो, 'प्रगती समाधानकारक.'

दिवाळीला चार दिवस असताना सिनेमा सेव्ह झाला. शंभर टक्के! मी अंगणात जाऊन एकटाच फटाक्यांची माळ लावली. सव्वादोन तासांचं लग्न एक तास आठ मिनिटांवर आलं होतं. मी म्हटलं, आटोपशीर झालं.

दिवाळसणाला सुजू आणि जावई आले. संध्याकाळी कॉम्प्युटर आमच्या बंदिस्त ओटीवर मांडला, सतरंज्या अंथरल्या. तीसेक माणसं आली. घर भरलं हो! चपलांचा ढीग बघून माझा ऊर भरून आला. कोंडूमामा नवा सदरा घालून पुढेच बसले. आक्काही आली, नवं लुगडं नेसून, पण बसली पार दाराशी. मुरबाडला कॉम्प्युटरचे क्लास घेणारी सुजूची मैत्रीण जयश्रीसुद्धा आली होती. ती माझीच विद्यार्थिनी.

सिनेमा सुरू झाला. मांडव आला. पातेली आली. जनरेटर आला, चांगली पाच मिनिटं आला. वाढलेल्या पत्रावळी आल्या, पण त्यांच्यापुढे माणसं नव्हती. माझे पाय आले.

"मास्तर, माझा कवा येल?" कोंडूमामांनी विचारलं.

"येईल, येईल," मी म्हणालो. का म्हणालो असेन?

"पोरीला हळद लावली ती दाखव ना," मागून कुणीतरी म्हणालं. मी खोकलो. पडद्यावर मंगलाष्टकं चालू झाली. समोर रिकामा चौरंग आणि आवाज भटजींचा!

बाळाराम उठून उभा राहिला. "आयला, मास्तर! आमी सगली जेवून गेलो, आहेर देऊन गेलो, आन् आमी हाव कुठं यात?"

जावई फार सभ्य माणूस. ते हळूच म्हणाले, "बाबा, आमची आई आली होती ना लग्नाला?"

सुजूने थेट माझ्याकडे बघितलं. "बाबा, आत्या कुठे आहे?"

आता तुम्ही सांगा, तीस माणसांसमोर काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "तांत्रिक अडचण होती. सेव्ह होताना एक तास नऊ मिनिटांपाशी अडायचं."

जयश्री पुढे आली. "सर, फाइल केवढी व्हायची अडताना? चार जीबी?"

"असेल. चारच्या आसपास."

"मग बरोबर आहे. तुमच्या डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची आहे. तिच्यात एक फाइल चार जीबीच्या वर जाऊच शकत नाही. डिस्क कितीही रिकामी असली तरी."

"म्हंजे कणगी रिकामी हाय," बाळाराम म्हणाला, "पन एका गोणीत भात कोंबनार किती, असाच ना?"

"अगदी तसंच, काका. दोन गोण्या करायच्या. सर, सिनेमाचे दोन भाग करून सेव्ह केले असते तर एका दिवसाचं काम होतं."

मी विचारलं, "पण प्रसंग कापला की पुढे जात होतं ते?"

"चार मिनिटं कापली म्हणून चार मिनिटं पुढे गेलं. मग त्या जागी जे कोणी असेल त्यांच्यापाशी अडलं."

"कोणीही असतं तरी?"

"कोणीही, सर. देव असता तरी."

 आणि तेवढ्यात बाळाराम, माझा परममित्र, मोठ्याने म्हणाला, "म्हंजे आक्काचा हात लागला म्हनून नाय अडला?"

संपलं! सगळ्यांना सगळं कळलं. कुणाला का काढलं होतं तेही प्रत्येकाने आपापल्या परीने ताडलं. कोंडूमामा उठले. "म्हशीवरनं बोलतात लोकं, तवा तुमी त्यांना शिव्या घालायचा, मास्तर," एवढंच म्हणाले आणि चपला शोधायला लागले. एकेक करून सगळे गेले. फराळाची ताटं तशीच होती. आक्का कधी गेली ते मला दिसलंच नाही. सुजू दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. निघताना म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्याचा हात धरून तिला पुढे आणलं होतं. मी सासरी सगळ्यांना अभिमानाने सांगितलंय ते." 

ती गेली आणि घर पुन्हा रिकामं झालं. आधीच्या रिकामेपणात निदान माझा दोष नव्हता. हा मात्र मी वही घेऊन, पाच-पाच तास बसून, स्वतःच्या हाताने केला होता. एकेका माणसाला कापून. आणि उंबऱ्याबाहेर आता ताटही येत नव्हतं.

कापलेलं सगळं कॉम्प्युटरमध्ये मूळ जागी शाबूत होतं. मी सव्वादोन तासांचा सिनेमा पुन्हा जोडला, जयश्रीच्या सांगण्याप्रमाणे दोन भागांत सेव्ह केला. एका दिवसात झाला! मग आक्काच्या घरी गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"आक्का, चुकलो."

तिने सूप खाली ठेवलं नाही. "एक सांग. मी उंबऱ्याबाहेर ठेवायची ती भाजी तू खात होतास?"

"हो."

"ती याच हातची ना रे? मग ती गिळताना काय अडला नाय तुझा?"

आक्का चौथीपर्यंत शिकलेली. माझ्या वहीत एवढा बिनतोड प्रयोग एकही नव्हता.  तिने सुपातले मूठभर तांदूळ माझ्यापुढे केले. "कुंकू लाव याला. ज्यांना ज्यांना कापलास त्यांच्या घरी जा, अक्षत दे आन् बोलाव. लग्नाला बोलावलंस तसा. नुसत्या तोंडी बोलावण्याला कोन येनार नाय आता."

"आणि तू?"

"माझ्याकडं अक्षत घेऊन आलास का? मग बघू."

मी तिथेच कुंकू मागून पहिली अक्षत तिच्या हातावर ठेवली. तिने मूठ मिटली.

लग्न होऊन सहा महिने झालेल्या मुलीच्या लग्नाची अक्षत घेऊन मी दारोदार फिरलो. बघा कल्पना करून! पोलीसपाटील म्हणाले, "मास्तर, एकदा आहेर दिला, परत देनार नाय." एका म्हातारीला वाटलं की माझंच लग्न ठरलं. ती आनंदाने विचारायला लागली, "बायको कुठली रे?" कोंडूमामांनी दहा मिनिटं उभं ठेवलं, मग अक्षत घेतली आणि चहा दिला. विहीणबाईंना टपालाने पाठवली. त्यांना का पाठवली ते पत्रात लिहायची हिंमत झाली नाही.

आणि आले हो, गावातले सगळे! ठरल्या दिवशी दिवेलागणीला ओटी पुन्हा भरली. पहिला भाग लागला. जो तो स्वतःला शोधत होता आणि सापडला की शेजाऱ्याला ढोसत होता. कोंडूमामा दिसले तेव्हा तर टाळ्या पडल्या. फक्त आक्का आली नव्हती. मी एक डोळा दाराकडे ठेवून बसलो होतो.

पहिला भाग संपला. दुसरा लावला. तो कुठून सुरू होत असेल? चार जीबी जिथे भरत होते तिथून! म्हणजे पहिलंच चित्र, आक्काची हळदीने माखलेली बोटं.  आणि मी दाराकडे पाहिलं तर आक्का उंबऱ्याबाहेर उभी.

"आक्का, आत ये."

"मशीन चालू हाय ना? मी हितनंच बघते."

तीस डोकी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी उठलो, दाराशी गेलो. "आक्का, आत ये गं. माझं घर तुझ्यावाचून खायला उठतं."

"आन् अडला तर?"

"अडलं तर अडू दे!" मी गरजलो. तिचा हात धरला. तिने पाऊल उचललं, उंबरा ओलांडला आणि खटकन लाइट गेली!

पडदा काळा. घर काळं. एक माणूस हलेना. आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, एवढं सगळं रामायण घडलं, घरोघर नाक घासून झालं, तरी त्या अंधारात माझ्या मनात पहिली गोष्ट कुठली आली असेल? तीच! क्षणभरच, पण आली. म्हटलं, बरं आहे अंधार आहे, माझं तोंड कुणाला दिसत नाही.

तेवढ्यात माझ्या हातात हात असलेल्या आक्काचा आवाज आला, "आला ना रे मनात?"

"नाय आक्का!" मी म्हणालो, पण इतक्या घाईने म्हणालो की अंधारात आधी बाळाराम हसला, मग कोंडूमामा, आणि मग अख्खं घर मला हसायला लागलं.